डाउनस्ट्रीमचा लाईट नुसता ब्लिंक होतोय, लॉक होत नाही, तर शोधायला सुरुवात कुठून करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की चार दिवसांपूर्वीपर्यंत नीट चालणाऱ्या केबल मॉडेमचा पॉवरचा लाईट स्थिर आहे पण डाउनस्ट्रीमचा (कंपनीकडून घरी येणाऱ्या सिग्नलचा) सारखा ब्लिंक होत राहतो, अपस्ट्रीम (घरून कंपनीकडे जाणारा) आणि ऑनलाईनचे तर लागतच नाहीत. तुम्ही दहा-बारा वेळा बंद-चालू करून बघितलं, मागच्या बारीक भोकात पिन घालून फॅक्टरी रिसेट मारला, राउटर बदलला, आणि कस्टमर केअरवाल्यांनी 'आम्ही इथून सिग्नल रिफ्रेश केलाय, अर्धा तास थांबा' असं दोनदा सांगून फोन ठेवला.

मी बरीच वर्षं हेच काम करतोय, लोकांच्या घरी जाऊन केबल तपासायचं, आणि या तक्रारीत लोकांचे जे दिवस वाया जातात ते बहुतेक वेळा चुकीच्या बाजूला शोधत बसल्यामुळे जातात, म्हणून आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. डाउनस्ट्रीम लॉक व्हायच्या, म्हणजे येणाऱ्या सिग्नलवर पकड बसायच्या आधी मॉडेम फक्त ऐकत असतो, बोलत काहीच नसतो. केबलवर कुठल्या फ्रिक्वेन्सीला आपल्या कामाचा चॅनल आहे ते तो शोधतो, तो सापडला आणि नीट वाचता आला की मगच त्याला कळतं की आपण उलट बोलायचं तर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आणि कधी बोलायचं. मग रेंजिंग (कंपनीच्या यंत्राशी वेळ आणि पॉवर जुळवणं), मग आयपी पत्ता, मग कंपनीकडून कॉन्फिग (सेटिंगची) फाईल, मग रजिस्ट्रेशन, हे सगळं त्यानंतरचं. म्हणजे तुमचा मॉडेम पहिल्याच पायरीवर अडकलाय. त्यामुळे राउटर, वायफाय, पासवर्ड, बिल थकलंय का, मॉडेमचा मॅक नंबर कंपनीकडे नोंदवलाय का, यातल्या कशाचाही इथे संबंध नाही. नोंद नसलेला मॉडेमसुद्धा डाउनस्ट्रीम लॉक करतो, त्याला अडवतात ते पुढे. आणि कंपनीने पाठवलेला 'रिफ्रेश' तरी मॉडेमपर्यंत पोचणार कसा, तो तर त्यांचं काही ऐकूच शकत नाहीये.

आता बंद-चालू करण्याबद्दल. मॉडेम शेवटच्या वेळी ज्या फ्रिक्वेन्सीवर लॉक झाला होता ती लक्षात ठेवतो, आणि चालू झाल्यावर आधी तिथेच बघतो. तिथे काही मिळालं नाही की मग अख्खा पट्टा चाळायला लागतो, ६ मेगाहर्ट्झच्या चॅनलची सिस्टीम असेल तर १०८ पासून १००२ मेगाहर्ट्झपर्यंत दीडशेच्या आसपास जागा होतात, प्रत्येक जागी थांबायचं, ६४ क्वाम (क्वाम म्हणजे सिग्नलवर डेटा चढवायची पद्धत, आकडा मोठा तितका डेटा जास्त) लागतंय का बघायचं, २५६ लागतंय का बघायचं, नाही तर पुढे. याला मॉडेमप्रमाणे काही मिनिटांपासून पार अर्ध्या तासापर्यंत वेळ लागू शकतो. तुम्ही दर तीन मिनिटांनी प्लग काढला तर तो दरवेळी पहिल्यापासून सुरू करणार, आणि फॅक्टरी रिसेट मारल्यावर बऱ्याच मॉडेममधून ती लक्षात ठेवलेली फ्रिक्वेन्सीही पुसली जाते. त्यामुळे यापुढे केबलमध्ये काहीही बदल केला की एकदा चालू करून अर्धा तास तसाच सोडा, हात लावू नका.

ब्लिंक होताना एक गोष्ट जवळ बसून बघा. लाईट मध्येच एक-दोन सेकंद स्थिर होऊन परत ब्लिंक व्हायला लागतो का? तसं होत असेल तर मॉडेमला सिग्नल मिळतोय पण तो टीव्हीचा चॅनल निघतोय. टीव्हीचे डिजिटल चॅनलही त्याच क्वाम पद्धतीने येतात, मॉडेम त्यावर लॉक होतो, आत इंटरनेटची पाकिटं शोधतो, ती ८१९० नंबरच्या पीआयडीवर (पाकिटांवरचा ओळख नंबर) असतात, ती मिळाली नाहीत की सोडून पुढे जातो. म्हणजे केबल पूर्ण मेलेली नाही, इंटरनेटच्याच फ्रिक्वेन्सीला काहीतरी अडतंय. आणि लाईट एकसारखा ब्लिंक होतोय, अजिबात कुठे थांबत नाही, तर बहुधा काहीच येत नाहीये किंवा जे येतंय ते फारच क्षीण आहे. हा फरक खूप कामाचा आहे.

मॉडेमचं स्वतःचं पान उघडून बघा. कॉम्प्युटर नेटवर्क केबलने सरळ मॉडेमला जोडा, राउटर मध्ये नको, आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका, टाइप करताना आकडे अर्थातच इंग्रजी. इंटरनेट नसलं तरी बहुतेक मॉडेम हे पान दाखवतात. त्यात इव्हेंट लॉग असतो. 'सिंक टायमिंग सिंक्रोनायझेशन फेल्युअर' आणि पुढे 'फेल्ड टू अक्वायर क्वाम क्यूपीएसके सिम्बॉल टायमिंग' असं असेल तर मुळातच पकड बसत नाहीये. 'फेल्ड टू अक्वायर एफईसी फ्रेमिंग' (एफईसी म्हणजे डेटातल्या चुका दुरुस्त करायची सोय) असेल तर चॅनल ऐकू येतोय पण इतका खराब की आतले बिट जुळत नाहीत. आणि जर 'टी३ टाईमआऊट' (मॉडेम बोलला पण उत्तर आलं नाही) किंवा 'नो यूसीडी' (उलट कुठे बोलायचं ती माहिती मिळाली नाही) दिसत असेल तर तुमचं दुखणं डाउनस्ट्रीम लॉकच्या पुढचं आहे, मग खाली लिहिलेल्यातलं अर्धंच तुम्हाला लागू होईल. लॉगमधल्या तारखा १९७० सालच्या दिसल्या तर घाबरू नका, मॉडेमला वेळ नेटवर्कवरून मिळते, ती अजून मिळालेली नाही एवढंच.

मधूनमधून लॉक होत असेल तर त्या पानावर पॉवर आणि एसएनआरचे (सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे त्याचे) आकडे टिपून ठेवा, शक्यतो फोटोच काढा. डॉक्सिसच्या (केबल इंटरनेटचं मानक) नियमाप्रमाणे मॉडेमला दर चॅनलला उणे १५ ते अधिक १५ डीबीएमव्ही (सिग्नलची ताकद मोजायचं एकक, नुसता डीबी म्हणजे दोन पातळ्यांतला फरक) पॉवर चालते, पण आम्ही कामावर उणे ७ ते अधिक ७ च्या आत आणल्याशिवाय घर सोडत नाही. एसएनआर २५६ क्वामला किमान ३० डीबी लागतो, पॉवर उणे ६ च्या खाली गेली तर ३३ लागतो, आणि ६४ क्वाम साडेतेवीसवरसुद्धा चालतो. हे अगदी तळाचे आकडे झाले, रोज नीट चालायचं तर २५६ ला ३५-३६ च्या वर असलेलं बरं. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. पॉवर चांगली आणि एसएनआर खराब असेल तर कुठूनतरी बाहेरचा गोंगाट आत शिरतोय, दोन्ही पडलेले असतील तर वाटेत सिग्नल गळतोय.

आता मुख्य काम. घरातल्या तारांमध्ये एकेक गोष्ट तपासत बसू नका, सरळ शोधाचेच मधून दोन भाग करा (केबल कापायची नाही). मॉडेम आणि त्याचा अडॅप्टर उचला, लागलं तर एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, आणि बाहेरून येणारी मेन केबल घरात जिथे पहिल्यांदा येते तिथे जा, म्हणजे पहिल्या स्प्लिटरच्या (एका केबलला अनेक फाटे फोडणारी डबी) आधी. ती केबल स्प्लिटरमधून काढून थेट मॉडेमला लावा आणि अर्धा तास द्या. इथे लॉक झाला तर कंपनीचा सिग्नल ठीक आहे आणि दोष तुमच्या घरातल्या वायरिंगमध्ये आहे. इथेही नाही झाला तर दोष मॉडेमच्या पोटात आहे किंवा बाहेरच्या केबलमध्ये, घरातल्या भिंती फोडायची गरज नाही. या एका चाचणीने निम्मं जग बाजूला पडतं, आणि तरी शंभरातले नव्वद लोक ही सोडून बाकी सगळं करतात, का ते मला अजून कळलेलं नाही.

(एक सावधगिरी. केबल काढताना कनेक्टरला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं किंवा ठिणगी दिसली तर तिथेच थांबा. घराच्या वीजेच्या न्यूट्रलमध्ये दोष असेल तर करंट केबलच्या बाहेरच्या धातूच्या जाळीतून परत जातो, हे मी प्रत्यक्ष बघितलंय. आधी इलेक्ट्रिशियन, इंटरनेट नंतर. आणि खांबावरचा किंवा जिन्यातला कंपनीचा डबा उघडू नका, ते तुमचं काम नाही.)

समजा मेन केबलवर लॉक झाला, म्हणजे दोष घरात. इथे माझा पहिला संशय नेहमी स्प्लिटरवर. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला साडेतीन डीबी खातो, चार तोंडांचा सात, आठ तोंडांचा अकराच्या आसपास. केबलही खाते, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त खाते, आरजी-६ (घरात वापरतात ती नेहमीची केबल) शंभर मीटरला ५५ मेगाहर्ट्झवर पाच डीबी, तर १००० मेगाहर्ट्झवर एकवीस-बावीस. हिशोब करून बघा. घरात मेन केबलवर अधिक ६ येतंय, चार तोंडांच्या स्प्लिटरमधून उणे १ झालं, टीव्हीच्या मागे कुणीतरी कधीकाळी लावलेला आणखी एक चार तोंडांचा, उणे ८, तिथून जुन्या, बारीक आरजी-५९ केबलची पंधरा मीटर वायर, आणखी तीन गेले, उणे ११. कागदावर हे अजून चालतंय, आणि मॉडेम वर्षभर चिकटून चाललाही असेल, पण एक कनेक्टर गंजला, त्याने पाच डीबी खाल्ले, आणि उणे १६ ला मॉडेमने हात सोडला. घरच्यांना वाटतं 'कालपर्यंत तर चालू होतं, आम्ही काहीच बदललं नाही', आणि ते खरंच असतं, मार्जिन आधीच संपलेलं होतं एवढंच.

त्यामुळे मॉडेमला मेन केबलनंतर लगेच, एका दोन तोंडांच्या चांगल्या स्प्लिटरमधून एक स्वतंत्र लाईन द्या, बाकी सगळे टीव्ही दुसऱ्या तोंडावर. स्प्लिटरवर काय छापलंय ते वाचा. ५ ते १००० मेगाहर्ट्झ पाहिजे. ९५० ते २१५० छापलेला असेल तर तो डिशचा आहे, त्यातून तुमचा सिग्नल जाणारच नाही, आणि दिसायला दोन्ही अगदी सारखे असतात. रिकामी तोंडं ७५ ओहमच्या टर्मिनेटरने (तोंडावर बसणारी टोपी) बंद करा.

वाटेत बूस्टर असेल तर तो आधी बघा. बूस्टरला वीज लागते, आणि त्याचा अडॅप्टर पुष्कळदा भलत्याच खोलीत, कपाटामागे वगैरे असतो, काही ठिकाणी वीज त्याच केबलमधून चढवलेली असते. वीज गेलेला बूस्टर नुसती तार होत नाही, तो सिग्नल जवळपास गिळूनच टाकतो. एका घरी कंपनीने दोन मॉडेम बदलून दिले होते, चार दिवस बंद, मी गेलो तेव्हा माळ्यावर बूस्टर आणि त्याचा अडॅप्टर खालच्या खोलीत साफसफाई करताना काढून ठेवलेला. प्लग लावला, चौथ्या मिनिटाला लाईट स्थिर.

आता कनेक्टर, आणि इथे मी जरा जास्त बोलणार, कारण निम्मे दोष इथेच असतात. प्रत्येक कनेक्टर उघडून उजेडात धरा आणि समोरून बघा. मधली तांब्याची तार सरळ पाहिजे, चकचकीत पाहिजे, कनेक्टरच्या तोंडाच्या बाहेर दोन-तीन मिलीमीटर आलेली पाहिजे, आत पांढरं इन्सुलेशन तळाशी सपाट टेकलेलं दिसलं पाहिजे. तार आखूड असेल तर ती समोरच्या जॅकमध्ये पोचतच नाही, किंवा थंडीत केबल आकसली की सुटते आणि ऊन आलं की परत लागते, 'सकाळी बंद दुपारी चालू' वाल्या तक्रारींत मी हे खूपदा पकडलंय. मग बाहेरच्या जाळीचा एखादा केसासारखा बारीक तंतू आत मधल्या तारेला टेकलाय का बघा, तेवढ्याने पूर्ण शॉर्ट होतो, आणि तो डोळ्याला सहज दिसत नाही, मोबाईलचा टॉर्च तिरका मारला की चमकतो. पिळून बसवायचे जे कनेक्टर मिळतात ते वापरूच नका, कॉम्प्रेशनवाले बसवा. हाताने घट्ट करून मग पान्याने हलकेच थोडासा, मॉडेमच्या जॅकवर जोर नाही, तो आतल्या बोर्डावरून उपटला जातो.

पाण्याची गोष्ट वेगळी आहे. बाहेरच्या केबलचं काळं आवरण कुठे चिरलं, घासलं, उंदराने कुरतडलं, की पाणी जाळीतून आत झिरपत खालच्या कनेक्टरपर्यंत येतं. एका घरी मी भिंतीजवळचा कनेक्टर सोडवला तर तिथून हिरवट पाण्याचा थेंब माझ्या अंगठ्यावर पडला, कनेक्टर कोरड्या जागेत, भिंतीच्या आत, आणि चीर निघाली वर पंधरा फुटांवर जिथे केबल पत्र्याच्या कडेला घासत होती. तिथे मीटरवर मजा वेगळीच होती, सगळे चॅनल ठीक आणि ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे तीन-चार चॅनल बाजूच्या चॅनलपेक्षा चौदा डीबी खाली. खराब जोडावरून सिग्नल उलटा फिरतो आणि ठराविक फ्रिक्वेन्सीला असा खड्डा पडतो. इंटरनेटचे चॅनल नेमके त्या खड्ड्यात असले तर टीव्ही एकदम झकास दिसतो आणि मॉडेम मेलेला. म्हणून 'टीव्ही तर चालतोय की, मग केबल चांगलीच आहे' हे गृहीत धरू नका. अशी केबल वाळवून चालत नाही, बदलावीच लागते.

सिग्नल जास्त झाला तरी लॉक होत नाही, हे लोकांना पटत नाही. टॅप (कंपनीच्या लाईनवरून तुमची केबल जिथून निघते तो जोड) अगदी घराजवळ असेल किंवा मेन केबलवर कुणी नको तिथे बूस्टर बसवला असेल तर अधिक १५ च्या वर जातं आणि मॉडेमचा ट्यूनर (सिग्नल पकडणारा भाग) बधिर होतो. सहा किंवा दहा डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा तुकडा) लावून बघा, नसेल तर दोन तोंडांचा स्प्लिटर लावून दुसरं तोंड टर्मिनेट करा, साडेतीन डीबी कमी झाले. म्हणूनच मी आकडा बघितल्याशिवाय बूस्टर घ्या असं कुणालाच सांगत नाही. आणि क्षीण सिग्नलमध्ये गोंगाट आधीच मिसळलेला असेल तर बूस्टर गोंगाटही तितकाच वाढवून देतो, एसएनआर सुधारत नाही.

फिल्टर एकदा नजरेखालून घाला, बोटाएवढी धातूची नळी दोन कनेक्टरच्या मध्ये असते. घरात पूर्वी फक्त टीव्ही किंवा फक्त इंटरनेट होतं तेव्हा कंपनीने लावलेला तसाच राहिलेला असू शकतो. तो नेमका कोणता पट्टा अडवतो ते वर छापलेलं असतं, पण कंपनीचा असेल तर त्यांना सांगूनच काढायला लावा.

आता दुसरी बाजू, मेन केबलवरही लॉक झाला नाही तर. दुसरा एखादा केबल मॉडेम उसना मिळाला तर त्याच केबलवर लावा, वर म्हटलं तसं नोंद नसली तरी डाउनस्ट्रीमचा लाईट स्थिर होतोय का एवढंच बघायचंय. तो लॉक झाला तर तुमचा मॉडेम गेला, बऱ्याचदा वीज कडाडून गेलेल्या रात्रीनंतर ट्यूनर जळतो आणि बाकी मॉडेम अगदी नॉर्मल दिसतो. मॉडेम टाकून द्यायच्या आधी अडॅप्टर मात्र बदलून बघा, तेच व्होल्ट आणि तितकेच किंवा जास्त अँपिअर, प्लगचं अधिक-उणेही तसंच. जुना अडॅप्टर लाईट लावण्याइतका करंट देतो पण ट्यूनरला स्वच्छ पॉवर मिळत नाही.

मॉडेम तुम्ही स्वतः दुसऱ्या देशातून आणलेला किंवा ऑनलाईन जुना घेतलेला असेल तर एक तपासा, डॉक्सिस आहे की युरोडॉक्सिस (त्याचंच युरोपातलं रूप). एकात चॅनल ६ मेगाहर्ट्झचा, दुसऱ्यात ८ चा, सिम्बॉल रेट (सिग्नल पाठवायचा वेग) २५६ क्वामला एकीकडे सेकंदाला ५.३६ मेगासिम्बॉल तर दुसरीकडे ६.९५२. दोन्ही जमणारे मॉडेमही असतात, पण एकाच प्रकारचा चुकीचा मॉडेम असेल तर सिग्नल कितीही उत्तम असला तरी तो जन्मात लॉक होणार नाही. तुमचा आधी चालत होता म्हणून हे तुम्हाला लागू नाही, पण हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या दुसऱ्या कुणाला असेल. जुन्या मॉडेमचा पट्टा ८६० मेगाहर्ट्झलाच संपतो हेही लक्षात असू द्या, कंपनीने इंटरनेटचे चॅनल त्याच्या वर हलवले तर त्याला ते ऐकूच येत नाहीत.

दुसरा मॉडेमही मेन केबलवर लॉक झाला नाही तर काम कंपनीचं, आणि फोन करताना 'इंटरनेट चालत नाही' एवढंच म्हणू नका, त्यावर ते परत रिफ्रेशच करतील. असं सांगा, की मॉडेम डाउनस्ट्रीमवर लॉक होत नाही, स्प्लिटर काढून थेट मेन केबलला लावून अर्धा तास थांबलो, दुसरा मॉडेमही तिथेच अडकतो, टॅपपासून घरापर्यंतची केबल मीटर लावून तपासायला माणूस पाठवा. शेजारच्यांचंही बंद आहे का ते आधी विचारून ठेवा, असेल तर तेही सांगा, मग दोष तुमच्या केबलच्या मागे ॲम्प्लिफायरमध्ये किंवा नोडवर (तुमच्या भागाचा कंपनीचा मुख्य डबा) आहे. माणूस आला की त्याला मीटर टॅपवर एकदा आणि घरातल्या टोकाला एकदा लावायला सांगा, दोन्ही वेळी इंटरनेटच्या सगळ्या चॅनलची पॉवर आणि एमईआर (मीटरवरचा एसएनआरसारखाच आकडा) बघायला लावा, एकाच चॅनलचा आकडा वाचून 'सिग्नल ओके' म्हणून निघाला तर तो खड्डा त्याला दिसलेलाच नसेल. मीटरच्या स्क्रीनचे दोन्ही फोटो मागून घ्या. आज रात्रीत ती मेन केबलवाली चाचणी करून काय झालं ते लिहा, आणि १९२.१६८.१००.१ वरचा लॉग जसा आहे तसा टाका, शेवटच्या दहा-बारा ओळी पुरेत.